विकतचा घसारा

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने बुटांवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु अर्थशास्त्राला बुटांचे वावडे कधीच नव्हते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ॲडम स्मिथला जीवनावश्यक वस्तू कशाला म्हणावे हा प्रश्न पडला, तेव्हा त्याने दोन उदाहरणे घेतली. एक लिननच्या सदऱ्याचे आणि दुसरे कातडी बुटांचे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सदऱ्यावाचून किंवा बुटांवाचून माणूस मरत नाही. परंतु इंग्लंडात रीतच अशी पडली आहे की, त्यांच्याविना चारचौघांत जाण्याची गरिबातल्या गरीब पण अब्रूदार माणसालाही शरम वाटेल. म्हणून इंग्लंडात बूट ही गरज आहे. स्कॉटलंडात ती पुरुषांची गरज आहे, स्त्रियांची नाही, आणि फ्रान्समध्ये दोघांचीही नाही. गरज ही केवळ शरीराची नसते, ती समाजाच्या नजरेचीही असते, हे स्मिथने इतक्या साध्या उदाहरणातून सांगून ठेवले. लाज न वाटता समाजात वावरता येणे ही दारिद्र्याच्या विचारातली एक मूलभूत कसोटी आहे, असे अमर्त्य सेन यांनी पुढे मांडले, ते याच उताऱ्याच्या आधाराने.

आता त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी काय घडले ते पाहा. २०२२ च्या मे महिन्यात पॅरिसच्या बालेन्सियागा या पेढीने कॅनव्हासचे बूट, म्हणजे ज्यांना आजची मुले स्नीकर्स म्हणतात ते, विक्रीस काढले. जाहिरातीतले बूट मळलेले, चिरफाळलेले आणि कडा कुरतडल्यासारख्या झालेले होते. उकिरड्यावर दिसले असते तर आपण बाजूने निघून गेलो असतो, असे ते बूट. अशा अतिजीर्ण बुटांचे १०० च जोड काढण्यात आले आणि किंमत होती १,८५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ लाख ४० हजार रुपये. त्याच मालिकेतला पुष्कळ कमी फाटलेला, घोट्यापर्यंतचा जोड ६२५ डॉलरला होता. जितका अधिक फाटका, तितका अधिक महाग! त्याआधी २०१८ साली इटलीच्या गोल्डन गूज या कंपनीचा एक जोड अमेरिकेत ५३० डॉलरला विकला जात होता. त्याच्या टाचेला आणि पुढच्या भागाला चिकटपट्टी लावलेली होती. ज्या घरात नवे बूट घेण्याची ऐपत नसते तेथे मुलांच्या बुटांना लावतात तशी. त्यावरून तिकडे बराच गदारोळ झाला. परंतु बूट विकले जायचे थांबले नाहीत.

हिशेबाच्या भाषेत, वापरामुळे वस्तूच्या मूल्यात जी घट होते तिला आपण 'घसारा' म्हणतो. मराठीने दिलेला हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा अधिक बोलका आहे, कारण त्यात घासले जाण्याची, झिजण्याची क्रिया स्पष्ट दिसते. प्रत्येक हिशेबनीस घसारा वजा करतो. येथे मात्र तो किमतीत मिळवलेला आहे. मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना जे शिकवले ते उलटे झाले असे म्हणून हसता आले असते. परंतु बाजारात विक्षिप्त वाटणाऱ्या गोष्टींनाही कारणे असतात, आणि ती शोधणे हे आपले काम आहे.

माझ्या पिढीला या प्रकाराचा राग का येतो, हे आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या शाळेत कवायतीच्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. ते ज्यांच्याकडे होते, ती मुले आदल्या रात्री बूट धुऊन, त्यांवर ओला खडू फिरवून ते उन्हात ठेवीत. ज्यांच्याकडे नव्हते, ती रांगेच्या टोकाला अनवाणी उभी राहत आणि दर आठवड्याला तेच कारण सांगत. घरात फाटलेल्या लुगड्याला दांड घालणे, सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवणे, पॅन्टीला रफू करणे ही नित्याची कामे होती. ठिगळ दिसू नये यात शिवणाऱ्या बाईचे कसब असे. फाटके असणे हा गुन्हा नव्हता, पण ते झाकणे हे कर्तव्य होते. त्या पिढीला नातवाच्या अंगावर गुडघ्यात फाडलेली नवीकोरी पॅन्ट दिसली की वाटते, आपण आयुष्यभर जे झाकले ते हा पैसे मोजून उघडे करतो आहे. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु भावना म्हणजे विश्लेषण नव्हे, आणि नातवाला दोन शब्द सुनावल्याने प्रश्न सुटत नाही.

स्नीकर्सचा इतिहास थोडा पाहू. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली, त्यातून पुढे रबरी तळाचे कापडी बूट शक्य झाले. केड्स १९१६ साली आणि कॉन्व्हर्सचे बास्केटबॉलचे बूट १९१७ साली अमेरिकेच्या बाजारात आले. हे स्वस्त, खेळाचे, मुलांचे बूट होते. त्यांना प्रतिष्ठा आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ती मुख्यतः मिळवून दिली न्यूयॉर्कसारख्या शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांनी. रन-डीएमसी या रॅप गायकांच्या गटाने १९८६ साली आपल्या आदिदास बुटांवर गाणे केले आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला. १९८५ मध्ये नाइकीने मायकेल जॉर्डनच्या नावाचे बूट ६५ डॉलरला विक्रीस आणले होते. १९९० च्या मे महिन्यात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर विषय घेतला तो बुटांसाठी होणाऱ्या लुटालुटीचा आणि खुनांचा. गरीब वस्त्यांतील पोरे एकमेकांच्या जिवावर उठावीत, इतके त्या बुटांचे मोल झाले होते.

या वस्त्यांत बुटांविषयीचा दंडक कोणता होता? बूट स्वच्छ, पांढराशुभ्र, कालच खोक्यातून काढल्यासारखा असला पाहिजे. दात घासण्याच्या ब्रशने कडा घासायच्या, चवड्यावर सुरकुती पडू नये म्हणून जपून चालायचे. मध्यमवर्गीय टीकाकारांना हा निव्वळ चंगळवाद वाटला. परंतु ज्याच्या कातडीचा रंग पाहून पोलीस त्याला हटकतो, दुकानदार त्याच्या मागे माणूस ठेवतो, त्या तरुणाला निदान आपल्या पायांबद्दल कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नव्हती. ॲडम स्मिथचा अब्रूदार मजूर आणि हार्लेममधला हा तरुण यांच्यात तत्त्वतः काहीच अंतर नाही.

याच काळात, त्याच देशांत, दुसरीकडे उलटा प्रवाह सुरू होता. १९६० च्या दशकात सुस्थितीतल्या घरांतून बाहेर पडलेल्या गोऱ्या तरुणांनी ठिगळांच्या जीन्स अंगावर चढवल्या. आईबापांच्या इस्त्रीच्या जगाला त्यांचा नकार होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये बेकारी वाढत असताना पंक तरुणांनी कपडे फाडून त्यांना सेफ्टी पिना लावल्या. या बंडात काही खरे होते, हे मान्य केले पाहिजे. माणसाची किंमत कपड्यांवरून करू नका, असे ते सांगत होते. परंतु भांडवलशाहीची पचनशक्ती अफाट आहे. बंडाचा कपडा तिने दुकानात टांगला, आणि वापराने जे वर्षानुवर्षांत होते ते कारखान्यात काही तासांत करून देण्याचा धंदा काढला. सच्छिद्र दगडांबरोबर जीन्स यंत्रात घुसळल्या जाऊ लागल्या. बंड करण्याची गरज उरली नाही, ते तयार मिळू लागले.

येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. फाटके घालणे कोणाला परवडते? जीर्ण बूट घालून नोकरीच्या मुलाखतीला जाणारा श्रीमंताचा मुलगा बेफिकीर ठरतो, कलंदर ठरतो. तेच बूट घालून गेलेला मजुराचा मुलगा गबाळा ठरतो. वस्तू एकच, पण तिचा अर्थ घालणाऱ्याच्या बँकेतल्या शिलकेवर आणि जन्मावर ठरतो. दारिद्र्याची खूण अंगावर मिरवता येते ती त्यालाच, ज्याला कोणी दरिद्री समजण्याचा धोका नाही. ही गोष्ट नवीही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील छानछोकी सरदारपुत्र नव्या कोटाचे कापड धारदार काचेने खरवडून विरविरीत करून घेत, असे बार्बे दॉरव्हिली या फ्रेंच लेखकाने नोंदवून ठेवले आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. जो उपभोग सर्वांना साधू लागतो तो दिखाव्यासाठी निरुपयोगी ठरतो, आणि मग वरच्या वर्गाला नवी खूण शोधावी लागते. स्वस्त कारखानदारीमुळे नवे, स्वच्छ कपडे सर्वांच्या आवाक्यात आले की वरच्या वर्गाची नवी खूण 'जुने' ही होते. २००० सालच्या जानेवारीत पॅरिसच्या दिओर या पेढीसाठी जॉन गॅलियानो याने सीन नदीकाठच्या बेघर लोकांच्या चिंध्यांवरून स्फूर्ती घेतलेले कपडे सादर केले, तेव्हा त्याविरुद्ध निदर्शने झाली. बेघरांच्या चिंध्यांना कोणी कलात्मक म्हटले नव्हते. त्या चिंध्यांतला माणूस काढून टाकल्यावरच त्या कलात्मक झाल्या.

आपल्या देशाला हा विषय परका नाही. मनुस्मृतीने चांडाळांसाठी वस्त्रे सांगितली ती प्रेतांवरची. कोणी काय नेसावे, कोठे चप्पल हातात घेऊन चालावे, हे आपल्याकडे फॅशनने नव्हे तर धर्माज्ञेने आणि गावाच्या लाठीने ठरवले. म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन केले, त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्याचा उपदेश केला. ग्रंथाचे दहन आणि लुगड्याची नेसण या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकाच लढ्याच्या होत्या. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांच्या अंगावर सूट आणि पायांत बूट आहेत, याचा अर्थ ज्यांना कळत नाही त्यांनी या देशातील वस्त्रांचे राजकारण समजून घेतलेले नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना जीर्ण वस्त्राची सक्ती होती, त्यांच्या नातवाला कडक इस्त्रीचा सदरा आणि पांढरेशुभ्र बूट हवेसे वाटतात, तेव्हा त्याला साधेपणाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग गांधीजींच्या पंचाचे काय? १९२१ च्या सप्टेंबरात मदुराई येथे त्यांनी अंगरखा टाकला आणि पंचा स्वीकारला, तो वेश तर गरिबाचाच होता. आपल्या चळवळीत वाढलेल्या प्रत्येकाने या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. माझे उत्तर असे आहे. गांधीजींनी गरिबाचा वेश घेतला तो त्याच्या आयुष्यासह घेतला. तिसऱ्या वर्गाचा डबा, तुरुंग आणि सूतकताई हे सर्व त्या पंचाबरोबर आले. तो पंचा स्वच्छ होता आणि हाताने कातलेल्या सुताचा होता, म्हणजे त्यात गरिबाच्या हाताला काम होते. तरीही बॅरिस्टरचा सूट ज्याने अंगावर घातला होता त्यालाच तो टाकून देता आला, हे विसरता येत नाही. त्यागाला आधी हक्क लागतो. म्हणून गांधींचा पंचा आणि आंबेडकरांचा सूट यांत मला विरोध दिसत नाही. एकाने विशेषाधिकार उतरवून ठेवला, दुसऱ्याने नाकारलेला अधिकार अंगावर चढवला. १,८५० डॉलरच्या फाटक्या बुटात यांपैकी एकही गोष्ट नाही. त्यात विशेषाधिकार सुटत नाही, उलट तो वेश पालटून अधिक पक्का होतो.

आता या घसाऱ्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. नवी वस्तू जुनी दिसायची तर कोणाला तरी ती झिजवावी लागते. म्हणजेच झीज हेही एक उत्पादन आहे आणि त्यामागे मजूर आहे. बुटांच्या बाबतीत हे काम पुष्कळदा घासकाम आणि रंगकाम असते. जीन्सच्या बाबतीत मात्र त्याने माणसे मारली. मांड्यांवर आणि गुडघ्यांवर फिकट पट्टे यावेत म्हणून दाबाच्या हवेने वाळूचा फवारा कापडावर मारीत. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या आसपासच्या लहानसहान, नोंद नसलेल्या कारखान्यांत पूर्वेकडच्या खेड्यांतून आलेली तरुण मुले हे काम बंद खोल्यांत, नाकातोंडाला पुरेसे संरक्षण नसताना करीत होती. वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग आपल्याकडे अपरिचित नाही. आपण ज्या पेन्सिलींनी पाटीवर मुळाक्षरे गिरवली, त्या करणाऱ्या मंदसौरच्या कामगारांना तोच रोग जडत असे. खाणकामात तो व्हायला बहुधा अनेक वर्षे लागतात, या जीन्सच्या कारखान्यांत तो काही वर्षांतच, ऐन विशी-तिशीत गाठू लागला. त्यावर उपचार नाही. डॉक्टरांनी आणि कामगारांनी आवाज उठवल्यावर तुर्कस्तानने २००९ साली या पद्धतीवर बंदी घातली. २०१० साली लेव्हाय स्ट्रॉस आणि एच अँड एम या कंपन्यांनी ती सोडत असल्याचे जाहीर केले. परंतु एका देशात बंदी आली की काम दुसऱ्या देशात जाते. २०१२ साली क्लीन क्लोद्ज कॅम्पेन या संघटनेला बांगलादेशातील कारखान्यांत तेच काम चाललेले आढळले.

मित्रहो, या व्यवहाराचा ताळेबंद मांडा. ज्याने कधी अंगमेहनत केली नाही त्याला अंगमेहनतीने झिजलेला दिसणारा कपडा हवा. त्यासाठी जो खरोखर अंगमेहनत करतो त्याचे फुप्फुस झिजते. कपड्याचा घसारा किमतीत मिळवला जातो, माणसाचा घसारा कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये मायकेल जॉर्डनने १९९८ च्या अंतिम सामन्यांत वापरलेले बूट लिलावात २२ लाख डॉलरला विकले गेले. म्हणजे झिजेलाही मोल असते, पण ती कोणाची झीज आहे यावर ते ठरते.

स्नीकर्सच्या आजच्या बाजारात आणखी एक प्रकार आहे. त्याकडे पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. मर्यादित संख्येने काढलेले बूट विकत घ्यायचे, खोक्यातून न काढता जपून ठेवायचे आणि भाव चढला की विकायचे, असा फेरविक्रीचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. २०१६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या स्टॉकएक्स या बाजारपेठेचे नावच शेअरबाजाराची आठवण करून देणारे आहे. तेथे बूट पायांत घातला की त्याचा भाव उतरतो. म्हणजे एका टोकाला कधीच न घालण्यासाठी घेतलेला बूट आणि दुसऱ्या टोकाला न घालताच झिजवलेला बूट. वरवर पाहता हे दोन परस्परविरुद्ध छंद वाटतात. परंतु दोहोंत एकच गोष्ट गैरहजर आहे, आणि ती म्हणजे चालणे. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील फरक समजावताना मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्याच प्रकरणात लिनन आणि कोट यांचे उदाहरण घेतले. हे उदाहरण त्याला हवेतून सुचले नव्हते. १८५२ च्या फेब्रुवारीत त्याने एंगल्सला कळवले होते की, कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. कोट म्हणजे ऊब आणि कोट म्हणजे सावकाराकडचे चार पैसे, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे लंडनच्या थंडीत तो अंगावर शिकला होता. आजच्या या बुटांत विनिमयमूल्याने उपयोगमूल्याला जवळजवळ हुसकून लावले आहे.

मग करावे काय? तरुणांना दोष देऊन स्वस्थ बसण्याच्या मी विरुद्ध आहे. जुन्या, वापरलेल्या वस्तूबद्दल त्यांना वाटणाऱ्या ओढीत एक निरोगी जाणीव आहे. सतत नवे घ्या, जुने फेका, असे बजावणाऱ्या बाजाराचा त्यांना आतून उबग आला आहे, आणि आमच्या पिढीने ठिगळाची जी लाज बाळगली ती लाज त्यांना वाटत नाही, हेही चांगलेच आहे. बाजार एवढेच करतो की, त्या जाणिवेला तिच्याच नावाची नकली वस्तू विकतो. तेव्हा तरुणांना सांगायचे ते इतकेच की, घसारा विकत घेऊ नका, तो कमवा. नवा, साधा, टिकाऊ जोड घ्या. तो दुरुस्त करून करून चार-पाच वर्षे वापरा. तुमच्या बुटांवरची प्रत्येक सुरकुती मग तुमच्या चालण्याची असेल.

परंतु हे केवळ व्यक्तीच्या सद्बुद्धीवर सोडता येणार नाही. दुरुस्ती परवडेल अशी व्यवस्था समाजाने करावी लागते. फ्रान्सने २०२३ च्या नोव्हेंबरात कपडे व बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला ६ ते २५ युरोंपर्यंत सूट देणारी योजना सुरू केली. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमांत न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करण्यावर मोठ्या कंपन्यांना बंदी घालण्याची तरतूद आहे. आपल्याकडे दुरुस्तीची परंपरा कायद्याने आणावी लागली नाही, ती रस्त्याच्या कडेला बसलेलीच आहे. सरकारी भाषेत ज्याला गटई कामगार म्हणतात, त्याला पत्र्याचा एक स्टॉल देण्याची योजना महाराष्ट्रात आहे. पण स्टॉल दिला म्हणजे प्रश्न मिटत नाही. ज्या बुटाचा तळ साच्यात ओतून चिकटवलेला असतो, जो उसवता येत नाही आणि शिवता येत नाही, तो बूट त्याच्यापुढे आला तर आरी आणि दाभण घेऊन त्याने काय करावे? दुरुस्त होऊ शकेल अशीच वस्तू बनवण्याचे बंधन उत्पादकावर घातले पाहिजे. ही मागणी पर्यावरणाची आहे तितकीच ती त्या कारागिराच्या भाकरीचीही आहे. आणि जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या माथी मारून आपण त्याची किंमत पाडली. त्या कामाला चांगला मोबदला आणि कोणालाही ते धरण्याची किंवा सोडण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी एकदमच मागितल्या पाहिजेत.

शेवटी पुन्हा ॲडम स्मिथकडे येतो. चारचौघांत लाज न वाटता वावरता यावे यासाठी माणसाला काय लागते, हा त्याचा प्रश्न होता. समाजवादाचे उत्तर असे असले पाहिजे की, त्यासाठी कोणत्याही बुटाची गरज लागू नये, आणि तरीही प्रत्येकाच्या पायांत बूट असावेत. कवायतीच्या रांगेच्या टोकाला अनवाणी उभ्या असलेल्या त्या मुलाला, आपल्याकडे बूट का नाहीत याचे कारण ज्या दिवशी सांगावे लागणार नाही, त्या दिवशी मग ज्याला हवे त्याने खुशाल फाटके घालावे. तोपर्यंत मात्र फाटक्याची हौस करण्यापूर्वी, ज्याला ते हौसेवाचून घालावे लागते त्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.